दिलेल्या शब्दाचा दर



रविवारी तुझा फोन आला तेव्हा तू रडत नव्हतीस, पण आवाज बसलेला होता. "मावशी, शब्दाला दीड रुपया मिळायचा, तो पन्नास पैशांवर आलाय. वर म्हणतात, भाषांतर यंत्रानं केलंय, तुम्ही फक्त नजर फिरवा." फोनवर मी तुला धीर दिला. पण नुसत्या धीरानं घरभाडं भागत नाही, म्हणून चार दिवस बसून हे लिहिलं आहे. लातूरला बसून तू ऑनलाइन मंचावरून जगभरातलं काम घेतेस, याचा मला अभिमान आहे. ते काम तुझ्या हातून जाऊ नये आणि गेलंच तर तू रिकाम्या हातानं राहू नयेस, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मी १९८३ मध्ये नारायण पेठेतल्या एका क्लासात मराठी टंकलेखन शिकले आणि तिथून छापखान्यात मुद्रितशोधनाला लागले. तिथं एक जुळारीकाका होते, खिळे जुळवणारे. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळं काका आयुष्यभर ओळ उलटी वाचत आले होते. पुढं डीटीपी आलं. खिळे मोडीत निघाले, जुळारी घरी बसले. काकांना मात्र मालकांनी मुद्रितशोधनासाठी ठेवून घेतलं. अक्षर न् अक्षर सुटं पाहायची त्यांची सवय इतकी पक्की होती, की संगणकावरून निघालेल्या गुळगुळीत पानावरची चूक त्यांना पहिल्यांदा दिसायची. ते मला म्हणायचे, "यंत्र ओळ लावून देतं पोरी, ओळीची जबाबदारी घेत नाही."

त्यानंतर मी संगणकावरच्या श्रीलिपी फाँटवर काम केलं, युनिकोडवर आले, भाषांतर करू लागले आणि पन्नाशीच्या आत ऑनलाइन मंचावर खातंही उघडलं. प्रत्येक वळणावर काकांचं ते वाक्य मला उपयोगी पडलं. आता तुला देते.

दर शब्दाचा असो, हिशेब तासाचा ठेव

दर एक तृतीयांशावर आला याचं दुःख करण्याआधी घड्याळ लावून बस. कोऱ्या पानावर तू तासाला साधारण ३०० शब्द भाषांतर करतेस. दीड रुपयानं ते झाले ४५० रुपये. पन्नास पैशांच्या दरानं तेवढेच मिळवायचे तर तासाला ९०० शब्द तपासून व्हायला हवेत. साड्यांच्या जाहिरातीचा मजकूर असेल तर कदाचित होतीलही. विम्याच्या अटी असतील तर ४०० झाले तरी पुष्कळ. म्हणजे हातात २०० रुपये.

आता त्यातून मंचाची कात्री वजा कर. फायवरसारखा मंच विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापतो, म्हणजे राहिले १६०. पुढं बिनपैशांचा वेळ धर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं ७५ देशांतल्या सुमारे साडेतीन हजार ऑनलाइन कामगारांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल काढला होता. तासाभराच्या पगारी कामामागे सरासरी २० मिनिटं काम शोधण्यात, चाचण्या देण्यात, निरोपानिरोपीत जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे ते १६० रुपये तुला ८० मिनिटांत मिळाले, तासाला १२०. हीच वजाबाकी जुन्या ४५० ला लावलीस तर २७० उरतात. आता खरी तुलना तुझ्यासमोर आहे आणि ती वैतागावर नाही, आकड्यांवर उभी आहे.

म्हणून माझा नियम असा. काम घेण्याआधी मधलाच एक तुकडा माग, २०० शब्दांचा. पहिलं पान मागू नकोस, पहिलं पान नेहमी सोपं असतं. घड्याळ लावून तो तपास. मग दर सांग. ग्राहकाला लिहायचं ते सरळ लिही: "नमुना पाहिला. यंत्राचा मजकूर या विषयात बराच दुरुस्त करावा लागतो आहे. तपासणीच्या दरात हे बसत नाही. तासाप्रमाणे किंवा नव्यानं भाषांतराच्या दरानं करून देईन. दुरुस्त केलेला नमुना सोबत जोडला आहे." भांडण नाही, गयावया नाही. दहातले काही ग्राहक निघून जातील. जे थांबतील ते तुझे.

सुबक चुकीला भी

पूर्वी यंत्राचं मराठी पाहताक्षणी कळायचं. शब्द एकापुढं एक मांडलेले, विभक्तीचा पत्ता नाही. २०१७ मध्ये गुगलनं मराठीसाठी नवी पद्धत आणली आणि वाक्यं एकदम सरळ झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मजकूर असा गुळगुळीत झाला की वाचताना डोळा कुठं अडखळतच नाही. धोका नेमका इथंच आहे. वाकडं वाक्य स्वतःच ओरडून सांगतं की मला तपासा. सुबक चूक गप्प बसते.

माझ्याकडं आलेल्या कामांत वारंवार सापडणाऱ्या जागा सांगते, भिंतीवर लावून ठेव.

पहिली जागा 'वुई'. इंग्रजीत एकच शब्द, आपल्याकडं 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन. रुग्णाच्या संमतिपत्रात "आम्ही ही माहिती कोणालाही देणार नाही" हे रुग्णालयाचं वचन असतं. तिथं "आपण ही माहिती कोणालाही देणार नाही" असं आलं, की आदरार्थी 'आपण' समजून रुग्णाला वाटतं, गप्प राहायची अट त्याच्यावरच घातली आहे. व्याकरण चोख, अर्थ उलटा.

दुसरी जागा बोलणाऱ्याचं लिंग. इंग्रजी क्रियापदात ते दिसत नाही आणि यंत्र बहुतेक वेळा पुरुष धरून चालतं. गर्भवती बाईच्या तोंडी "मी फार थकलो होतो" असं आलेलं मी स्वतः काढलं आहे.

तिसरी जागा 'यू'. शाळकरी मुलासाठीच्या धड्यात 'तू' हवं, बँकेच्या पत्रात 'आपण' हवं, आणि यंत्र एकाच पानावर तू, तुम्ही, आपण तिन्ही वापरून मोकळं होतं.

चौथी जागा नाती. 'कझिन' हा मामेभाऊ की चुलतबहीण, 'आंट' ही आत्या की मावशी की काकू, हे पुढच्या-मागच्या पानांवरूनच ठरतं. मालमत्तेच्या वादाच्या कागदात आत्या आणि मामी यांची अदलाबदल झाली तर घर बुडेल.

पाचवी आकडे आणि तारखा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. अमेरिकन कागदात ०३/०४ म्हणजे चार मार्च, आपल्याकडं तीन एप्रिल.

सहावी आणि सगळ्यांत घातक जागा म्हणजे नकार. "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका" यातलं 'सांगितल्याशिवाय' जाऊन 'सांगितल्यावर' आलं, तरी वाक्य तेवढंच सुंदर दिसतं. वाचणारी माणसं मात्र डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तरी गोळी घेत राहतील.

अशा प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहीत ठेव: मूळ वाक्य, यंत्राचं वाक्य, तुझं वाक्य. ग्राहकाचं आणि माणसांचं नाव काढून टाक. वर्षभरात ती वही तुझी खरी पदवी होईल. "मशीननं केलंय, तुमची काय गरज?" असं विचारणाऱ्याला वाद घालून पटत नाही, अशी तीन वाक्यं दाखवली की पटतं.

उलटं वाच

ही जुळारीकाकांची देणगी. तपासताना मजकूर चार फेऱ्यांत वाचायचा आणि फेऱ्यांची सरमिसळ करायची नाही.

पहिली फेरी: इंग्रजी झाकून फक्त मराठी, मोठ्यानं. जीभ जिथं अडखळेल तिथं खूण. दुसरी फेरी: मूळ शेजारी ठेवून वाक्याला वाक्य. तिसरी फेरी: फक्त आकडे, नावं, तारखा आणि नकार, अर्थाकडं पाहायचंच नाही. चौथी फेरी उलटी: शेवटच्या वाक्यापासून वर वर यायचं. ओघ तुटला की मेंदू पुढचं गृहीत धरत नाही आणि प्रत्येक वाक्य उघडं पडतं. काकांना खिळ्यांनी ही दृष्टी दिली होती, आपण ती मुद्दाम लावून घ्यायची.

दिवसाला चार तासांपेक्षा जास्त तपासणी घेऊ नकोस. भाषांतर करताना डोकं चालतं, तपासताना डोकं झोपी जातं. पाचव्या तासाला यंत्र म्हणेल ते बरोबर वाटू लागतं, आणि तसं वाटू लागलं की तू नसलीस तरी चालेल अशी अवस्था आलीच.

एक शेत निवड आणि तेच कस

"माझं रेटिंग चांगलं आहे, मला काय धोका?" असं तू मागं म्हणाली होतीस. अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी २०२३ मध्ये अपवर्क या मंचावरची माहिती तपासली. चॅटजीपीटी आल्यानंतर लेखनाशी संबंधित काम करणाऱ्यांची कामं सुमारे २ टक्क्यांनी आणि महिन्याची कमाई ५.२ टक्क्यांनी घटली होती. आकडे फक्त पहिल्या काही महिन्यांचे आहेत. पण मनाला लागण्यासारखी गोष्ट दुसरी: ज्यांचं नाव आधीपासून चांगलं होतं, त्यांनाही यातून सूट मिळाली नव्हती. सर्वसाधारण लेखनात चांगला आणि बरा यांतलं अंतर यंत्रानं कमी केलं, म्हणून नुसत्या चांगुलपणाची किंमत उतरली.

नुसतं 'इंग्रजी ते मराठी' हा आता धंदा राहिला नाही. एक शेत निवड. औषधचाचण्यांची संमतिपत्रं, शेतीची माहितीपत्रकं, न्यायालयीन कागद, विमा, यांपैकी जिथं चुकीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते असं शेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ पासून 'सुवास' नावाची भाषांतरप्रणाली वापरायला घेतली, तिथंही यंत्राच्या मसुद्यावर माणसाची नजर फिरवावी लागते. केंद्र सरकारचं 'भाषिणी' २०२२ मध्ये सुरू झालं, तांत्रिक पुस्तकांसाठी 'अनुवादिनी' आहे. मराठीत येणारा मजकूर यामुळं वाढत जाणार. तो सगळा कुणीतरी जाणकारानं पाहावा लागणार. त्या जाणकारांत तुझं नाव हवं.

तू शेतकऱ्याच्या घरातली. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा आणि खोडमाशी तुला पुस्तकात पाहावी लागत नाही. कीटकनाशकाच्या पत्रकात 'प्रति एकर' आणि 'प्रति हेक्टर' यांची गल्लत झाली तर अडीचपट औषध जाईल, हे तुला कुणी शिकवायला नको. ते तुझं शेत आहे. रोज अर्धा तास त्यातलं वाच आणि शब्दसंग्रह तुझ्या स्वतःच्या फाइलमध्ये साठव. मंचाच्या आत राहिलेला शब्दसंग्रह खातं बंद झालं की गेला.

यंत्र वापरतेस ते लपवू नकोस

तू स्वतः यंत्राची मदत घेतेस हे मला ठाऊक आहे. त्यात पाप नाही. कच्चा मसुदा करायला, पर्यायी शब्द सुचवून घ्यायला, लांबलचक इंग्रजी वाक्य फोडायला ते चांगलं आहे. मीही वापरते. तीन गोष्टी मात्र सोडू नकोस.

ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याचा कागद कुठल्याही उघड्या चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही. गोपनीयतेच्या करारावर तुझी सही असते. रुग्णाचं नाव, कंपनीचा न छापलेला अहवाल, कुणाची जमीन, हे तुझ्याकडं विश्वासानं आलेलं असतं. तातडी कितीही असो, आधी विचारायचं.

यंत्राचा मसुदा वापरला असेल तर तसं सांगायचं, आणि तरीही शेवटच्या शब्दापर्यंत तू तपासलं आहेस हे ठामपणे सांगायचं.

तिसरी गोष्ट, ग्राहकानं 'माणसानं लिहिलेलंच हवं' असं म्हटलं असेल तर ते माणसानंच लिहायचं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये मेकॅनिकल टर्क या मंचावर सारांश लिहायचं काम दिलं. ३३ ते ४६ टक्के कामगारांनी ते यंत्राकडून करून घेतलं असावं, असा त्यांचा अंदाज निघाला. ती माणसं वाईट नव्हती, तुटपुंज्या पैशांत घाई होती. पण परिणाम पाहा. असा मजकूर पुढं यंत्राच्या शिकवणीत जातो, यंत्राला यंत्राचंच उष्टं मिळत राहतं आणि ते हळूहळू बिघडतं. माणसाच्या लिखाणाला जी किंमत आहे, ती आपणच पुसून टाकतो.

यंत्राला शिकवायचं काम अटी वाचून घे

तुला अलीकडं येणारी दुसरी कामं म्हणजे दोन उत्तरांतलं चांगलं निवडा, वाक्यं वाचून ध्वनिमुद्रण पाठवा, चित्रातल्या वस्तूंना चौकटी करा. ही कामं नवी वाटतात, पण मूळ जुनं आहे. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केंपेलेन यानं बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक 'तुर्क' आणला. लोक थक्क झाले. पेटीच्या आत एक माणूस दडून बसलेला असे. ॲमेझॉननं २००५ मध्ये आपल्या मंचाला तेच नाव दिलं. त्या मंचावर १६७ देशांतल्या सुमारे ५० हजार माणसांनी इमेजनेट या संग्रहातल्या चित्रांना नावं दिली, आणि त्या संग्रहावर यंत्रं चित्र ओळखायला शिकली. पेटीत आजही माणूस आहे. आज त्यात तू आहेस, म्हणून पेटीत शिरण्याआधी चार प्रश्न विचार.

चाचणीचे पैसे मिळतात का? तीन-तीन तासांच्या 'पात्रता परीक्षा' फुकट द्यायला लागत असतील तर एकापलीकडं जाऊ नकोस. काम नाकारलं तर कारण सांगतात का आणि पैसे देतात का? नाकारलेलं कामही ते वापरणार असतील तर ते काम घेऊच नकोस. मजकुरात काय असेल? केनियातल्या कामगारांना चॅटजीपीटी सुरक्षित करण्यासाठी हिंसेची आणि अत्याचारांची वर्णनं तासाला २ डॉलरहून कमी पैशांत वाचायला लागली होती, हे जानेवारी २०२३ मध्ये जगापुढं आलं. असं काम आलं तर आधी विचार, नको वाटलं तर सोड आणि रात्री झोप लागत नसेल तर मला फोन कर, किती वाजलेत ते पाहू नकोस.

चौथा प्रश्न आवाजाचा. अटींमध्ये 'कायमस्वरूपी' आणि 'कोणत्याही उपयोगासाठी' हे शब्द शोध. आपला आवाज एकदा असा दिला की तो परत मागता येत नाही. उद्या तोच आवाज तुझ्याऐवजी कामाला लावतील. असा हक्क मागत असतील तर दर कितीतरी पट हवा, नाहीतर नकार.

चांगलं उदाहरणही आहे. बंगळुरूची 'कार्या' ही संस्था भारतीय भाषांतलं बोलणं गोळा करण्यासाठी तासाला सुमारे ५ डॉलर देते आणि तीच माहिती पुन्हा विकली गेली तर बोलणाऱ्याला त्यातला वाटा देते. मराठवाडी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचं बोलणं यंत्राला फारसं मिळालेलं नाही. म्हणजे तुझ्या आजीची बोली हा दुर्मीळ माल आहे. तो पडत्या भावात देऊ नकोस.

एकाच दारात उभी राहू नकोस

माझी एक जखम सांगते. काही वर्षांपूर्वी एका मंचानं माझं खातं रातोरात थांबवलं. कारण विचारलं तर आपोआप आलेलं एकच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिलं. सहा आठवडे गेले. चूक त्यांच्याच तपासणीत होती, पण तोवरचे माझे पैसे अडकले आणि दोन जुने ग्राहक तुटले. पलीकडं माणूस कुणी नव्हताच.

मंचावर काम कुणाला दाखवायचं, कुणाला वर ठेवायचं, कुणाला थांबवायचं, हे आता बरंचसं यंत्रच ठरवतं. त्याला तुझी अडचण सांगता येत नाही, म्हणून व्यवस्था तूच करायची. कमाईचा निम्म्याहून जास्त वाटा कधीही एका मंचावरून येऊ द्यायचा नाही. पुण्या-मुंबईतले दोन प्रकाशक, एखादी स्वयंसेवी संस्था, एखादं रुग्णालय, असे थेट ग्राहक हवेत. मंचाची बाहेर व्यवहार न करण्याची अट मात्र मोडू नकोस, थेट ग्राहक मंचाबाहेरूनच शोध. दर शुक्रवारी झालेल्या कामाची यादी, मिळालेले अभिप्राय, थकलेली रक्कम यांची छायाचित्रं आपल्या संगणकात ठेव. माझं खातं सुरू झालं ते अशाच नोंदींमुळं. मिळालेले पैसे मंचावर साठवू नकोस, दर आठवड्याला बँकेत आण. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवा फोन घ्यायचा नाही.

कागद तयार ठेव

कायदा उशिरा येतो, पण आला की त्याच्या दारात आपला कागद तयार हवा. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' हे शब्द त्यात पहिल्यांदा आले. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेच्या निधीत द्यावी, अशी तरतूद आहे. तिच्या यादीत टॅक्सी आणि घरपोच जेवणाबरोबर व्यावसायिक सेवा आणि मजकूर-माध्यम सेवाही आहेत. म्हणजे घरात बसून शब्दांचं काम करणारी तू त्या कायद्याच्या नजरेत आहेस. ई-श्रम पोर्टलवर तुझी नोंद आजच कर. २०२५ च्या अर्थसंकल्पात मंचावरच्या कामगारांना ई-श्रममधून ओळखपत्र आणि आयुष्मान भारतचं आरोग्यकवच देण्याची घोषणा झाली आहे.

युरोपीय संघानं २०२४ मध्ये निर्देश काढला आहे. यंत्रानं घेतलेल्या निर्णयांवर माणसाची देखरेख हवी आणि कामगाराला कारण समजलं पाहिजे, असं त्यात आहे. हे आपल्याकडंही मागता येतं, पण ते मागायला आपण कामगार आहोत हे आधी आपल्याला वाटलं पाहिजे. 'फ्रीलान्सर' या शब्दाच्या रुबाबात ते विसरू नकोस.

प्रत्येक परदेशी रकमेची बँकेची पावती जपून ठेव, विवरणपत्र दर वर्षी भर. कर्ज मागायला गेलीस की बँक तुझे स्टार पाहत नाही, विवरणपत्र पाहते.

दर एकमेकींना सांगा

छापखान्यात आम्ही दुपारी डबा खायला एकत्र बसायचो आणि कुणाला काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मालकाला एकीला दाबून दुसरीला गप्प करता येत नसे. तुम्ही प्रत्येकजण आपापल्या खोलीत, आपापल्या पडद्यासमोर. दर घसरतो तो यंत्रामुळं जितका, तितकाच या एकटेपणामुळं. शेजारची चाळीस पैशांत करते असं सांगितलं की तू पस्तीसवर येतेस, आणि ती शेजारीण कदाचित अस्तित्वातच नसते.

मराठी भाषांतर करणाऱ्या पाच-सात जणी जमवा. महिन्यातून एकदा बोला. कुणी किती दर दिला, कुणी पैसे बुडवले, कुठल्या मंचाची चाचणी फुकटची आहे, हे एकमेकींना सांगा. अमुक दराखाली जायचं नाही, हे ठरवा आणि पाळा. एकीच्या घरी आजारपण आलं तर तिचं काम दुसरीनं पूर्ण करून द्यावं. काम वाटून घेणाऱ्या बायकांना बाजार सहज मोडू शकत नाही, हे तुझ्या आजीनं पापडांच्या कामात दाखवून दिलं होतं.

बाळा, आजवर आपण पानावरचे शब्द मोजून पैसे घेतले. ते शब्द आता यंत्र वाटेल तेवढे देतं आणि त्यांचा भाव उतरतच जाणार. पण "हे मी वाचलं आहे, हे बरोबर आहे, चूक निघाली तर मी उत्तर देईन" असा शब्द यंत्राला देता येत नाही. तो तुला देता येतो. यापुढं दर त्या दिलेल्या शब्दाचा माग, आणि दिल्यावर तो पाळ. काकांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांनी तपासलेल्या पानाच्या कोपऱ्यात त्यांची छोटी सही असायची. ती दिसली की मालक पुन्हा पान न पाहता छपाईला सोडायचे.

उद्या सकाळी त्या नव्या कामातले मधले २०० शब्द घे, घड्याळ लाव, चार फेऱ्या कर. किती मिनिटं लागली ते मला दुपारच्या आत कळव. मग दोघी मिळून त्या ग्राहकाला उत्तर लिहू.

तुझी मावशी